राहणार आणि जाणार

९ एप्रिल २००७, सोमवार

खर्च म्हणे! तिजोरीतून एक रुपया हलला नाही, एक चेक फाटला नाही, आणि मी खर्च लिहायचा!

नागपूरहून नवे ऑडिटर आलेत. स्वानंद नाव. वय माझ्या भाच्याएवढं. चहा पुढे केला तर कप बाजूला सरकवून पहिला प्रश्न — "शेअर ऑप्शनचा खर्च कुठे दाखवलाय मॅडम?" मी म्हटलं, कसला खर्च? दिलंय काय आपण कुणाला? कागद तर दिलेत!

ते कागद २००५ चे. त्या वर्षी कापसाची दैना. जिनिंग अर्धा हंगाम बंद. पगारवाढ द्यायला कंपनीकडे पैसे नव्हते. तेव्हा धाकट्या मालकांनी, म्हणजे साकेतने (पुण्याहून नुकताच शिकून आलेला), आम्हा तेवीस जणांना बोलावून एकेक कागद हातात ठेवला. दोन वर्षं वाढ मागायची नाही. त्याबदल्यात ३१ मार्च २००८ ला जो नोकरीत असेल त्याला अठ्ठावन्न रुपयांचा शेअर दहा रुपयांत. माझे दोन हजार शेअर. रुईच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा फिटर प्रेमसिंग, त्याचे दीड हजार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं!

घरी कागद दाखवला तेव्हा हे म्हणाले होते, "रद्दीत किलोला किती येतील?" शाळामास्तर माणूस. दुसरं काय सुचणार.

तर स्वानंदचं म्हणणं असं — शेअरमागे अठ्ठेचाळीस रुपयांची सवलत, ती पगारच समजायची. माणूस तीन वर्षं काम करून ती कमावतो, म्हणून खर्च तीन वर्षांत वाटून लिहायचा. मागचं एक वर्ष राहिलंय, तेही आत्ताच. मी म्हटलं, अहो पण पैसा गेला नाही! तो म्हणाला, "काम तर आलं ना मॅडम?"

बाभुळगाव ते यवतमाळ बसमध्ये तेच डोक्यात. काम आलं. पैसा गेला नाही. मग गेलं काय? कंडक्टरने दोनदा तिकीट विचारलं.

१० एप्रिल

अजून कळलेलं नाही. पण लिहिलं. माझ्या एकटीच्या नावापोटी वर्षाला बत्तीस हजार खर्च! एवढी महाग मी कधीपासून झाले? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "घरात तर काही दिसत नाही."

१२ एप्रिल, गुरुवार

आज त्याहून मोठा गोंधळ. खर्च लिहायचा तो फक्त शेवटपर्यंत टिकतील त्यांचाच. जे मध्येच सोडून जातील त्यांना शेअर मिळणार नाहीत, म्हणून त्यांचा खर्चही नाही. बरं. पण कोण जाणार हे आज कसं कळणार? "अंदाज द्या," स्वानंद म्हणाला. "किती टक्के गळतील?"

टक्के! तेवीस माणसांचे टक्के काय काढू? नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी मोठ्या मालकांनी, भगवानरावांनी, शिकवलं होतं — "रजनीबाई, ज्याले नाव नाही ते नोंद नाही." आमच्याकडे हजेरीसुद्धा अजून नावं पुकारून होते. वीस वर्षं मी हवेतला आकडा लिहिलेला नाही, आता या वयात लिहू?

म्हणून रीतसर तक्ता केला. दोन रकाने. राहणार. जाणार. प्रत्येक नावापुढे कारण.

खरं सांगायचं तर मजा आली. कोणाचं कुठे पाणी मुरतंय हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक! गोदामवाला जाणार — सासऱ्याचं पुसदला दुकान आहे, मुलगा नाही. लॅबमधली मुलगी जाणार — लग्न ठरतंय. प्रेमसिंगपाशी जरा अडखळले. मग आठवलं, परवाच कँटीनमध्ये बोलत होता, "मेवना आदिलाबादले बोलावून राह्यला. इथं काय ठेवलं हाय?" लिहिलं — जाणार. मेव्हणा खेमसिंग आदिलाबादच्या जिनिंगमध्ये बोलावतो.

माझं स्वतःचं — राहणार. कारण: जाणार कुठे!

सहा जाणार, सतरा राहणार. स्वानंदने कागद पाहिला, हसला, फायलीला लावला. एक प्रत साकेतकडे गेली.

२ जुलै

लॅबमधल्या मुलीने पत्रिका दिली. गोदामवालाही गेला. साकेत जिन्यात म्हणाला, "मॅडम, तुमचा अंदाज अगदी परफेक्ट!" उगाच छाती फुगली.

२० नोव्हेंबर २००७, मंगळवार

हंगाम सुरू. सगळीकडे रुईचे कण. चहात, केसांत, कॅशबुकात.

दुपारी प्रेमसिंग आला. चप्पल दाराबाहेर काढून. त्याला कितीदा सांगितलं, हे काय देऊळ आहे! तो तसाच. म्हणाला, "मॅडम, खेमसिंग म्हनते तिकडं दोन हजार जास्त भेटते. जाऊ का राहू? तुमी सांगसान तसं."

मी विचारलं, भुरीबाई काय म्हणते? "थे म्हनते, मॅडमले विचारून ये." बायकोनेच पाठवलेला!

त्याच्या मुलीला, बबिताला, पुढच्या वर्षी नर्सिंगला घालायचंय. खिशातून तो २००५ चा कागद काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर घडी. "मले यातलं काईच समजत नाई. हे खरं हाय का, तेवढं सांगा."

आणि मला — जिला अजून स्वतःला धड कळलेलं नाही — मला एकदम सगळं येतंय असं वाटलं! मुंबईची एक पार्टी कंपनीत पैसे घालणार आहे, ती आमचे शेअरही अठ्ठावन्नने विकत घेणार असं साकेतने सांगितलंय. त्याला बोटांवर मोजून दाखवलं. शेअरमागे अठ्ठेचाळीस सुटतात, दीड हजार शेअर, बहात्तर हजार. फक्त ३१ मार्चला नोकरीत पाहिजे. चार महिने राहिलेत. मी म्हटलं, थांबा.

"थांबतो मंग," म्हणाला. झालं. माझ्या एका शब्दावर माणसाने महिन्याचे दोन हजार सोडले.

तक्त्यात त्याचं नाव "जाणार"मध्ये आहे, ते बदलायला हवं. मार्चला नवा तक्ता होईलच, तेव्हा बदलू.

१४ डिसेंबर

प्रेसचा पंप रात्रपाळीला फुटला होता. प्रेमसिंग सकाळी अकरापर्यंत तिथेच. तेलाने काळा. मला पाहून म्हणाला, "साडेतीन म्हयने राह्यले." मोजतोय!

मीही मोजतेय खरं तर. ह्यांनी न्हाणीघराच्या टाइल्सचे नमुने आणलेत! रद्दीवाले!! निळी की पांढरी यावर काल अर्धा तास वाद.

१८ मार्च २००८, मंगळवार

नवा तक्ता केला. तेव्हाच्या सहा "जाणार"पैकी पाच खरोखर गेले. उरला प्रेमसिंग. त्याला "राहणार"मध्ये घेतलं आणि हिशेब जुळवायला बसले. जुळतो, पण नफा खाली येतो. आधी तो जाणार धरला होता म्हणून त्याचा खर्च कधी लिहिलाच नव्हता. आता तिन्ही वर्षांचा एकदम यंदाच लिहावा लागणार. बहात्तर हजार.

त्याच्याशिवाय यंदाचा नफा दहा लाख एकतीस हजार. त्याच्यासकट नऊ लाख एकोणसाठ.

साकेतने आकडा पाहिला आणि दार लावून घेतलं. मुंबईवाल्यांची अट आहे, नफा दहा लाखांच्या खाली नको. खाली गेला तर ते पैसे घालणार नाहीत, आणि शेअर कुणाचेच विकले जाणार नाहीत. "थांबा," म्हणाला. "उद्या सांगतो."

१९ मार्च

सांगितलं. प्रेमसिंगला २९ तारखेपासून कामावरून बंद करायचं. हंगाम संपत आलाय, प्रेसला एक फिटर पुरे, असं कारण. मी म्हटलं, दोन दिवसांसाठी? ३१ ला त्याचे शेअर होतात! साकेत शांतपणे बोलला, "मॅडम, मी मनाने कुणाला काढत नाही. तुमच्याच तक्त्यात आहे ना तो? जाणार म्हणून?"

आणि गेल्या एप्रिलचा कागद पुढे ठेवला. माझं अक्षर. मेव्हणा खेमसिंग आदिलाबादच्या जिनिंगमध्ये बोलावतो.



२० मार्च

स्वानंदला फोन केला. म्हटलं, तो अंदाज होता हो, फक्त अंदाज! तो म्हणाला, "मॅडम, मी टक्के मागितले होते. नावं तुम्ही दिलीत." खरंच आहे. पंचवीस टक्के लिहिलं असतं तर पंचवीस टक्क्यांना कोण नोकरीवरून काढणार होतं? इतकी हुशारी कुणी सांगितली होती?

भगवानरावांच्या घरी गेले. पडवीत बसले होते, कानाला मशीन. सगळं ऐकून घेतलं. "साकेतच पाहते आता सारं," एवढंच. मग हंसाबाईंनी, त्यांच्या सौभाग्यवतींनी, पोहे दिले. खाल्ले. नाही कसं म्हणायचं?

२४ मार्च, सोमवार

धूळवडीचा रंग अजून नखांत आहे. प्रेमसिंगच्या हातात पत्र पडलं. मी टेबलावर मान खाली घालून बसले होते. तो आला. चप्पल बाहेर.

"मॅडम, साकेतभाऊ म्हनते का मी जानारच होतो, ऑफिसात लिहून हाय. तुमी म्हटलं म्हून त राह्यलो मी. मंग मी जानार हे लिहिलं कोनं?"

खोटं बोलता आलं असतं. त्याला वाचता येतं ते जेमतेम.

"मीच," म्हटलं.

"काहून?"

रागावला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला. खरंच वाट पाहत होता. मी काय सांगणार? की तू कँटीनमध्ये एक वाक्य बोललास म्हणून? की मला टक्के लिहायची लाज वाटली म्हणून? शेवटी म्हणाला, "आदिलाबादले आता जागा भरली," आणि गेला.

२६ मार्च

जेवण जात नाही. हे म्हणतात, "तू काय त्याला काढलंस? कंपनीने काढलं." मग मला असं का वाटतंय? शाळेत एखादा मुलगा नापास होणार असं तुम्ही आधीच पाटीवर लिहून ठेवलं तर, असं विचारलं ह्यांना. हे उठले. टाइल्सचे नमुने उचलून माळ्यावर ठेवले.

प्रेमसिंगच्या शेवटच्या हिशेबाची नोंद आजच तयार करून ठेवली. गंमत पाहा — ऑप्शनच्या खात्यात त्याच्या जाण्याने काहीच हलत नाही. एक ओळसुद्धा नाही. माझ्या वहीत तो वर्षभरापूर्वीच गेलेला आहे.

२७ मार्च, गुरुवार

सकाळपासून स्वानंदचं ते जाड टिपण वाचते आहे. इंग्रजी वाक्य तीन-तीनदा. जाणार धरलेला माणूस राहिला तर खर्च वाढतो, हे झालं. पण उलट? राहणार धरलेला माणूस ३१ च्या आधी गेला तर? लिहिलंय — आजवर त्याच्यापोटी लिहिलेला सगळा खर्च परत. यंदाचाही नाही. तेवढा नफा वर.

मग आकड्याला नावाशी काय देणंघेणं? कुणीही चालेल?

सतरा नावं पुन्हा वाचली. एकेकापुढे माझ्याच हाताने लिहिलेलं. घर बांधायला काढलंय — राहणार. आईचं आजारपण — राहणार. इथलाच जावई — राहणार. यातल्या कुणाला हात लावू?

सतरावं नाव शेवटी. पुढे कारण — जाणार कुठे!

३१ मार्च २००८, सोमवार

तक्ता शनिवारी दिला. प्रेमसिंग राहणार. जाणार — एकच नाव. रजनी. त्याच दिवसापासून नोकरीतून मोकळं करावं म्हणून सोबत राजीनामा. माझे शहाण्णव हजार नफ्यात परत, प्रेमसिंगचे बहात्तर हजार खर्चात. नफा दहा लाख पंचावन्न हजार. साकेतने आधी आकडा पाहिला, सही केली, मग नाव पाहिलं.

आज हजेरीला प्रेमसिंगचं नाव पुकारलं, असा दुपारी ऑफिसातून फोन आला.

हे म्हणाले, "शहाण्णव हजार खर्च केलेस!" तिजोरीतून एक रुपया हलला नाही. पण हो, केले.