बारावं कार्ड

३ नोव्हेंबर, मंगळवार
दुरुस्ती : काल लिहिलं की संपादकबाई मला ऑफिसातली सगळ्यात हुशार मुलगी म्हणाल्या. चूक. त्या म्हणाल्या, सगळ्यात नीटनेटकी. रोजनिशीत खोटं नको. अर्थ एकच, ही गोष्ट वेगळी.
शाळेच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशातलं एक अख्खं पान माझ्या एकटीवर! बारा शब्द, बारा कार्डं. प्रत्येकावर अर्थ आणि वापराचं एक वाक्य. पान बिनचूक गेलं की सहा महिन्यांची ट्रायल संपून मी पर्मनंट. अकरा झालेसुद्धा. उरला ‘कॉम्प्लेसन्सी’. किरकोळ.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
अर्थ तयार : ‘आपलं सगळं उत्तम चाललं आहे या समाधानात गाफील राहणे.’ वा! वाक्यासाठी जिवंत नमुना हवा. समोरच्या टेबलावर आहेच. डुलकीसाहेब. वीस वर्षं प्रुफं तपासतात, दुपारी दोनला हनुवटी छातीवर.

९ नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर निरीक्षण. डुलकीसाहेबांनी पेंगता पेंगता तीन चुका पकडल्या. योगायोग.
कार्ड घरी आणलं. ऑफिसात हरवायचं. या वहीतच ठेवते.
आत्याने विचारलं, काम झालं का. म्हटलं, झाल्यातच जमा. ती म्हणाली, म्हणजे नाही झालं, बाईसाहेब. शाळेत जायच्या आधी मटार सोलता सोलता तिनेच मला अक्षरं शिकवली. तिचा नियम : वाचून झालं की खालून वर पुन्हा वाचायचं. जुन्या लोकांना फार टेन्शन असतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
वाक्य सुचलं! ‘सततच्या कौतुकाने त्याच्यात गाफीलपणा आला.’ मग वाटलं, डुलकीसाहेबांना लागेल. ‘त्याच्यात’ खोडून ‘तिच्यात’ केलं. आता कुणालाच लागणार नाही. कार्ड परत वहीत.

१६ नोव्हेंबर, सोमवार
कार्डांचा गठ्ठा रबरबँड लावून टायपिंगला दिला. मोजला नाही. हाताला बरोबर लागला.

१७ नोव्हेंबर, दु. २.१०
प्रूफ आलं. नियम असा की एकाचं पान दुसऱ्याने वाचायचं. डुलकीसाहेब (जागे!) म्हणाले, आणा ताई, नजर टाकतो. म्हटलं, काका, तुम्ही आराम करा, मला पान पाठ आहे. म्हणाले, म्हणूनच म्हणतो. किती विनोदी माणूस!
मथळा वाचला. पानाचा नंबर वाचला. ‘बिनचूक’ लिहून सही. सही फारच सुरेख आली.

२० नोव्हेंबर, शुक्रवार
संपादकबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, एकही खूण नसलेलं प्रूफ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं!!! सोमवारी सकाळी आठला छपाई सुरू, अकराला माझ्या हातात पर्मनंटचं पत्र.
आत्याने डोळे पुसले. मग विचारलं, खालून वर वाचलंस ना गं? म्हटलं, अगं आत्या! (हे खोटं उत्तर नाही. हे उत्तरच नाही.)

२२ नोव्हेंबर, रविवार, स. ११
आत्याच्या समाधानासाठी तिला पान वाचून दाखवलं. खालून वर. अकरा शब्द.
वरून खाली. अकरा.
कार्ड याच वहीत. बारा तारखेच्या पानात. अक्षर सुरेख.
आत्या म्हणाली, बाईंना आत्ताच्या आत्ता फोन लाव. लावला. रिंग जायच्या आत ठेवला. रविवारी कुणाला त्रास देणं बरं नव्हे. उद्या तर पत्राचा दिवस, बाईंचा आनंद कशाला घालवायचा? आणि एका शब्दावाचून मुलांचं काय अडणार आहे? बाकी सगळं इतकं उत्तम चाललं आहे.
आत्या मटार सोलत बसली.
पण लपवणार नाही. मी त्यातली नव्हे. कार्ड हातात घेऊन बाईंच्या केबिनमध्ये जाणार आणि सगळं सांगणार. मंगळवारी. २४ नोव्हेंबर, सकाळी साडेदहा.