मृत झाडाला नाव लागत नाही

लालबाग,
११ फेब्रुवारी २०२४

ती. नाना,

पाया पडते. कानाचं मशीन पुन्हा डब्यात ठेवून दिलंत असं काकी फोनवर म्हणाली, म्हणजे आता पत्राशिवाय इलाज नाही. तुमच्या पुतणीला अजून पेन धरता येतं, एवढीच त्यातली चांगली बातमी.

बाकी सगळी रडकथा. बागकामाच्या कोर्सच्या परीक्षेत डिसेंबरला मी नापास झाले. लेखी पेपरात नाही हं. माती, खत, पाण्याचा निचरा, बागेचा आराखडा, सगळ्यात बरे मार्क आहेत. झाडं ओळखण्यात गेले. चाळीस बाटल्यांत चाळीस फांद्या, प्रत्येकीसमोर एक मिनिट, आणि लिहायचं काय, तर शास्त्रीय नाव, कूळ आणि ओळखीची खूण. तिसऱ्या बाटलीत करवंद होतं. करवंद, नाना! दर मे महिन्यात तुमच्या मागे फिरून ओचे भरून खाल्लेलं करवंद. आणि मी बाटलीकडे बघत उभी. ‘करवंद’ लिहिलं तर शून्य मार्क.

त्यात शास्त्रज्ञांना झाडांची पुन्हा पुन्हा बारशी करायची हौस. जुन्या पुस्तकात एक नाव, नव्यात दुसरंच. शनिवार-रविवार माटुंग्याला क्लास, सुटला की राणीच्या बागेत पाट्या वाचत हिंडायचं. लोक जोडीने येतात, मी वही घेऊन जाते.

सर्टिफिकेट नाही तोवर अभय सर मला मदतनीस म्हणूनच ठेवणार. पाच वर्षं माळ्यांची हजेरी घेतेय. साइट माझ्या नावावर मिळावी एवढंच मागणं आहे, पण त्याला तो कागद लागतो. पुढची परीक्षा मेमध्ये. आता गेले तर पुन्हा बसणार नाही, हे नक्की.

आपल्या चाळीच्या पुनर्विकासात झाडांचं काम आमच्याच ऑफिसकडे आलंय. आपली चाळ आणि मागच्या दोन मिळून एकशे बारा झाडं, सर आणि मी दोन दिवसांत मोजली. प्रत्येकाला पत्र्याचा नंबर ठोकायचा आणि फॉर्म भरायचा.

शेमट कशी आहे विचारलंत. थंडीत असते तशीच. गावच्या कुंपणातली काठी तुम्ही कपड्यांच्या दोरीसाठी अंगणात रोवलीत आणि तिचंच झाड झालं, हे शांताकाकू अजून चाळीतल्या प्रत्येक नव्या सुनेला सांगते.

तुमची,
दर्शू

परळ,
२८ एप्रिल २०२४

ती. नाना,

पाया पडते. तुमचं पत्र मिळालं, आमसुलंही मिळाली.

चाळ रिकामी झाली. आम्हाला परळला संक्रमण शिबिरात खोली दिलीय. आईचं देवघर शिडीच्या पायरीवर आहे आणि माझी पुस्तकं पलंगाखाली. खिडकी उघडली की समोरच्यांचा कुकर. शांताकाकू आमच्या शेजारीच, त्यामुळे तिच्या रेडिओवर माझा अभ्यास होतो.

पाठांतर करून डोकं फुटायची वेळ आलीय. क्लासच्या बाई म्हणतात, पान बघा, देठ बघा, खोडाची साल बघा. बघते ना! घरी येईपर्यंत सगळी हिरवी ती हिरवीच होतात. तुम्ही कसं शिकवायचात ते आठवतं. ‘आधी नख लाव गो, मगे नाव इचार.’ सालीला नख लावून आतला रंग बघायचा, वास घ्यायचा. इथे तसं केलं तर बाई ओरडतात, फांद्या खराब होतात म्हणून.

आणि नाना, प्रत्येक पत्रात त्या झाडाचं काय विचारता? पालवी धरली का, पालवी धरली का. आईच्या गुडघ्याचं विचारा, माझ्या परीक्षेचं विचारा. चाळीच्या आवारात सध्या कोणाला सोडत नाहीत. झाडं तोडायचं काम झालं तेव्हा मी ऑफिसात होते, मला काही बघायला मिळालं नाही.

चिडून लिहिलं. पुन्हा लिहायला नवा कागद घ्यावा लागेल, म्हणून तसंच पाठवतेय.

तुमची,
दर्शू

परळ,
१६ जून २०२४

ती. नाना,

पाया पडते, आणि या वेळी पायांवरून उठायचा धीर होत नाही.

मी पास झाले. ओळखीच्या परीक्षेत चोवीस लागत होते, बरोब्बर चोवीस मिळाले. आईने सर्टिफिकेट फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. सर म्हणाले, पुढची साइट तुझी. हेच हवं होतं मला, आणि गेले दहा दिवस मी त्या फ्रेमकडे पाठ करून जेवते.

एप्रिलच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शेमट तोडली तेव्हा मी ऑफिसात नव्हते, अंगणात उभी होते.

आता सगळं सांगते, मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

जानेवारीत सर्वे करताना आपल्या अंगणात आलो. सर म्हणाले, "तू इथलीच ना? मग इथली झाडं तू सांग." मी खूश. उंबर, आंबा, शेवगा धडाधड लिहिलं, शास्त्रीय नावांसकट. मग त्रेसष्ट नंबर. शेमट. एक पान नाही अंगावर. मला ठाऊक होतं की ती शेमट आहे, शिमग्याच्या पुढेही ती अशीच उघडी असते. पण तिचं शास्त्रीय नाव मला येत नव्हतं. डिसेंबरला नापास झालेली मी, सर शेजारी उभे, आणि स्वतःच्या अंगणातल्या झाडाचं नाव येत नाही! फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की झाड मृत असेल तर नावाचा रकाना रिकामा सोडावा. मी ‘मृत’ या चौकोनात खूण केली. सरांनी वर बघितलं, मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेले. खाली सही माझी.

संध्याकाळी घरी जाऊन नाव शोधलं. लॅनिया कोरोमंडेलिका. तुमच्या आंब्या-काजूच्याच भावकीतली निघाली. म्हटलं, उद्या दुरुस्त करू. पण दुरुस्त करायचं म्हणजे सरांना सांगायचं की जिवंत झाडाला मी मेलेलं लिहिलं. उद्याचा परवा झाला आणि फॉर्म पुढे गेला. वाईट याचं वाटतं की ती बांधकामाच्या आड येतच नव्हती. शेजारचा उंबर नकाशात राहिलाय. शेमटही राहिली असती.

तोडणाऱ्याने करवत घातली आणि आत ओलं, लाल निघालं. तो थांबला. म्हणाला, "मॅडम, ये तो जिंदा है." नाना, तेव्हाही वेळ होती. अर्धंअधिक खोड शाबूत होतं. मी म्हणाले, "पेपर में जो लिखा है वो करो."

परीक्षेत सतरा नंबरच्या बाटलीत एक उघडी काटकी होती, गळलेल्या पानांचे मोठे वण असलेली. बाईंचं न ऐकता मी नख लावलं. लाल. पूर्ण मार्क मिळाले. तेवढे नसते तर मी पुन्हा नापास झाले असते.

इथवर आले होते, नाना, आणि गप्प बसून पचवलंही असतं. पण शांताकाकूने तोडलेल्यातली एक सरळ फांदी मागून आणली होती. नानांच्या हातचं झाड, म्हणाली, आणि शिबिराच्या नळापाशी कपड्यांच्या दोरीसाठी रोवली. तुम्ही केलंत तसंच. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिला पालवी फुटली.

सगळ्या बायका जमल्या. चाळीत लावलेल्या यादीत त्रेसष्ट नंबरपुढे ‘मृत’ लिहिलेलं सगळ्यांनी वाचलं होतं. कोणी हळदकुंकू लावलं, कोणी फूल वाहिलं. शांताकाकूने मला हाताला धरून पुढे ओढलं. "मेल्ला झाड जिता झाला गो! तू येवडी झाडांची परीक्षा पास झालंस, सांग मां ह्यांका, ह्या कसा झाला ता!" वीस बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हणाले, "पुस्तकात बघून सांगते, काकू." आणि घरात येऊन दार लावलं. रोज सकाळी पाणी भरायला गेले की ती समोर असते, कपाळभर कुंकू लावलेली. काल कोणीतरी नारळ ठेवला होता. माझ्या खोटेपणाची पूजा चाललीय, आणि मी तिथेच रांगेत हंडा घेऊन उभी असते.

सरांना द्यायचं पत्र लिहून ठेवलंय: झाड क्रमांक त्रेसष्ट मृत नव्हतं, मला माहीत होतं. साइट जाईल, कदाचित नोकरीही. काकूलाही सांगायचंय, आणि खरं सांगायचं तर सरांपेक्षा मला तिचीच भीती जास्त वाटते. पण आधी हे पत्र पेटीत टाकते. ते तुमच्याकडे निघालं की मला मागे फिरता येणार नाही.

गणपतीला याल तेव्हा झाड बघायला म्हणून चाळीकडे जाल. जाऊ नका. तिथे पत्रे लावलेत. शिबिरात नळापाशी या. तुम्हाला जे बोलायचं असेल ते मला तिथेच, सगळ्यांसमोर बोला. कानाचं मशीन मात्र लावून या, कारण मला जे सांगायचं आहे ते मी मोठ्याने सांगू शकेन की नाही, ठाऊक नाही.

या वेळी ‘तुमची दर्शू’ लिहीत नाही. त्या फॉर्मवर त्रेसष्ट नंबरच्या खाली जशी सही आहे, तशीच इथे करते.

दर्शना विजय घाडी
सर्वेक्षक