बाकांवरचं ऊन

३ फेब्रुवारी, सोमवार

आज ऑफिसात मालकीणबाईंनी जाहीर केलं की यापुढे बागांचे सगळे नकाशे कॉम्प्युटरवर. हाताने काढलेली एकही शीट बाहेर जाणार नाही. माझं ड्रॉइंग टेबल जागा अडवतं म्हणे. बावीस वर्षं ज्या टेबलावर यांच्या बागा उभ्या केल्या, ते जागा अडवतं. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे सांगितलं, शाळेच्या अंगणाचं काम मी एकटा त्या कॅड नावाच्या प्रोग्रॅममध्ये करून दाखवतो. बाई म्हणाल्या, जमलं तर टेबल राहील.

शेजारी बसणारी शॉर्टकट हसली. (तिला माउस लागत नाही, नुसती बटणं बडवते, म्हणून हे नाव.) मला काका म्हणते. मी कुणाचा काका नाही.

संकल्प: महिन्याभरात कॅड मुठीत. आणि चिडायचं नाही.

५ फेब्रुवारी

साइट पाहिली. अंगणात एक अवाढव्य झाड. मुख्याध्यापिका तासभर त्यावरच बोलत होत्या. मुलं त्याच्याखाली डबा खातात, बाक तिथेच हवेत, झाडाला धक्का लागता कामा नये. म्हटलं, झाडाला कोण हात लावतंय? बागेतलं काही कळत नाही आणि सूचना ढीगभर.

भर दुपारी तिथेच बसून डबा खाल्ला. काय गार सावली होती.

७ फेब्रुवारी

पहिला बाक काढला. स्क्रीनवर दिसेचना. शॉर्टकटने येऊन सांगितलं की बाक दीड किलोमीटर लांब झालाय, मीटर-मिलिमीटरचा घोळ. दीड किलोमीटरचा बाक कोण करतं, एवढी साधी अक्कल यंत्राला नको?

घरी बायको म्हणाली, इतकं चिडू नका. मी चिडलेलो नाही हे तिला ओरडून सांगावं लागलं. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. भोचक लोक.

१२ फेब्रुवारी

आज लेयर शिकलो. एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपरच, उगाच इंग्रजी नाव. प्रत्येकापुढे बल्बचं चित्र. बल्ब मालवला की कागद गायब.

सर्व्हेवाल्याने फाइलमध्ये 'जुनं' नावाचा लेयर भरून पाठवलाय. गटाराची झाकणं, विजेचे खांब, मध्येच एक हिरवं भलंमोठं भेंडोळं. काही सुचू देईना. मालवला बल्ब. जे जागेवर आहेच ते परत काय काढायचं? मी नवीन काय होणार ते काढतो.

१८ फेब्रुवारी

झकास दिवस. अंगणात ऐसपैस मोकळी जागा निघाली. साइटवर एवढी जाणवली नव्हती. तिथे तळं टाकलं, काठाने बाक. डौलदार वळण. हे वळण हातात असावं लागतं, बटणात नसतं.

२५ फेब्रुवारी

डोकं फिरलंय. या प्रोग्रॅममध्ये कुठल्याही वेळेची ऊन-सावली दिसते म्हणे. दुपारचे साडेबारा टाकले. सगळे बाक रखरखीत उन्हात. अरे, मी स्वतः तिथे बसून डबा खाल्लाय. तेव्हा काय ढग जेवायला आले होते? ज्या यंत्राला सूर्य कुठे असतो हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी माझं टेबल काढणार.

कंपनीला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. तिकडचा माणूस मऊ आवाजात विचारतो, सगळे लेयर चालू आहेत का? म्हटलं, माझ्या लेयरची चौकशी नको, तुमचा सूर्य दुरुस्त करा. फोन आपटला. शॉर्टकटनेही हेच विचारलं. सगळे एकाच क्लासचे.

२७ फेब्रुवारी

तोडगा काढला. वेळ संध्याकाळी सहाची टाकली. शाळेच्या इमारतीची सावली बाकांवर बरोबर आली. चित्र इतकं सुंदर की मुख्याध्यापिकांनी लगेच सही केली. बाई म्हणाल्या, पाठवण्याआधी शॉर्टकटला दाखवा. दाखवलं. लांबून.

टेबल पुसून घेतलं. आता ते कुठे जात नाही.

६ मार्च

दुपारी साडेबाराला साइटवर होतो, बाई आणि शॉर्टकटही सोबत. कामगाराने नकाशाप्रमाणे फक्कीने तळ्याची कड आखली. पांढरी रेघ छान वळण घेत झाडाच्या खोडापर्यंत आली, थांबली आणि खोडाच्या पलीकडून पुन्हा सुरू झाली.

मुख्याध्यापिका जाऊन खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं. मी प्रोग्रॅममधल्या दोषाबद्दल बोलायला लागलो. बाईंनी शॉर्टकटला लॅपटॉप उघडायला सांगितलं. तिने 'जुनं'पुढचा बल्ब लावला. तळ्याच्या कडेवर ते हिरवं भेंडोळं उगवलं. मग तिने वेळ साडेबारा केली. एकूण एक बाकावर सावली.

टेबल उद्या नेतायत. बाई हळू आवाजात बोलल्या, म्हणून जास्त लागलं. नकाशा शॉर्टकट नव्याने काढणार, मी तिच्या हाताखाली. कुणावर तरी चिडावं म्हणून बराच वेळ कंपाउंडपाशी उभा राहिलो. फोनवाला आठवून पाहिला, सर्व्हेवाला आठवून पाहिला. कुणावरच राग येईना. वाईट मात्र फार वाटलं.

शॉर्टकटने झाडाखालून हाक मारली, काका, उन्हात काय उभे राहिलात, इकडे सावलीत या.

गेलो.