चालता पाय, सुई, काळा पाय

नांदेड
६ नोव्हेंबर २०२४

ती. महामाया आत्याबाईस,
आनंदराजचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मोबाईल फुटला. खरं सांगतो, मीच आपटला. लुंबिनीनं सहाव्यांदा फोन कट केला आणि डोकं गेलं. दुकानाच्या फोनवरून तुला कळवलं, तर तू म्हणालीस की आता पत्रच लिही, फोनवर तू नुसता भांडतोस, कागदावर शाई वाळेपर्यंत तरी गप बसशील. म्हणून लिहून राहिलो.

तिचं काय बिघडलं ते तूच विचार. तुझ्या भिंतीला भिंत लागून राहते, रोज दवाखान्यात ड्युटीला जाताना तुला इन्सुलिनची सुई देते, तुला सांगेल. वर्गात एक जण तिच्याबद्दल वाकडं बोलला, मी त्याच्या नाकावर ठेवून दिली. कॉलेज सुटलं माझं आणि रुसली ती! म्हणते, तुला कुणी सांगितलं होतं. हे कुठलं गणित?

बरं, आता चांगली बातमी. मी सिद्धेश्वरभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनला लागलो. एका संस्थेचं शुगरच्या जागृतीचं काम आलं, नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत लागणार. लुंबिनी एकदा म्हणाली होती की आपले लोक घाबरल्याशिवाय ऐकत नाहीत. मग मी असला काळा, सडका पाय टाकला की भाऊंनी जेवणाचा डबा बंद केला. उर्दू आणि मराठी, दोन्ही फ्लेक्स एका दुपारी केले. तुमच्या शिरूरच्या स्टँडवरही लागेल. तिला दाखव, पण मी सांगितलं असं सांगू नको.

माझ्यावर रागाव, पण लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
आनंदराज


शिरूर अनंतपाळ
११ नोव्हेंबर २०२४

चि. आनंदराज यास,
महामायाचे अ. आ. व जयभीम.

तुझा फ्लेक्स लागला रे बाबा. स्टँडसमोर, मलप्पाच्या हॉटेलच्या बरोबर डोक्यावर. मलप्पा दिवसभर शिव्या देतो. म्हणे गिऱ्हाईक भजे तोंडात घालतं, वर बघतं आणि प्लेट सरकवून निघून जातं. त्यानं बाकडी उलटी फिरवली, आता सगळे मुतारीकडं तोंड करून चहा पितात. गुरुबसप्पा मास्तर सकाळी ओट्यावर बसून पायाची बोटं मोजतात. दहा भरली की आंघोळीला जातात. परवा एका साखरपुड्याचे पाहुणे यष्टीतून नेमके त्याच्याखाली उतरले. पेढ्याला कुणी हात लावला नाही, गुळाचा खडा तोंडात टाकून सोयरीक पक्की केली. गूळ चालतो असं त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

एक मात्र तू भलं काम केलंस. मी सुई बंद केली. माझ्यासारखीच सुई घेणाऱ्या सरजाबाईनं मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. आधी चालता पाय, मग सुई, मग काळा पडलेला पाय. खाली लिहिलंय, पाय वाचवायचा तर आजच ठरवा. आम्ही दोघींनी तिथंच ठरवलं. सहा वर्षं मी टोचून घेत होते, कुणी बोललं नाही.

लुंबिनी लई भांडली. चित्राचा अर्थ तसा नाही म्हणते. मी तिला म्हणाले, पोरी, अंगणवाडीत वीस वर्षं चित्रांचे तक्ते शिकवले मी, चित्र कसं वाचायचं ते मला सांगू नको. आणि आमच्या आनंदराजनं केलंय, तो माझ्या जिवावर उठेल का? त्यावर ती तोंड फिरवून गेली. तुमचं दोघांचं काय ते मला कळून राहिलं नाही.

बाकी ठीक. नवी चप्पल करंगळीला चावली, हळद लावली आहे. वेळेवर जेव, आणि आत्याला पत्रापुरती तरी आठवत जा.
तुझी,
महामाया आत्या


नांदेड
१५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्याबाईस,
जयभीम.

पत्र हातात पडल्याबरोबर सुई घे. बाकीचं नंतर वाच. दुकानातून दहादा फोन लावला, तुझा बंद लागतो, लुंबिनी उचलत नाही.

घेतलीस? तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावरच ओरडलो, दुकानात, एकट्यानं. अडाणी म्हणालो तुला. मग सायकल काढून देगलूर नाक्यावर गेलो, तिथं आमचा उर्दू फ्लेक्स आहे. खाली बसलेल्या एका चाचाला विचारलं की यात काय दिसतं. ते म्हणाले, साफ तो है बेटा, पाय सडला, सुई घेतली, चालायला लागला. त्यांनी स्वतः परवा शुगर तपासली म्हणे. मग मी आपल्या मराठी फ्लेक्ससमोर जाऊन उभा राहिलो आणि आत्या, डावीकडून वाचलं.

उर्दू उजवीकडून वाचतात. मी चित्रं तशी लावली, बरोबर लावली. मग मराठी करताना फक्त अक्षरं बदलली, चित्रं फिरवायची राहिली. त्या दुपारी माझं अर्धं ध्यान लुंबिनीला फोन लावण्यात होतं. संस्थेच्या डॉक्टरांनी तपासायला मागितलं तर मी उर्दूचंच दाखवलं, म्हणालो मराठी सेम टू सेम आहे. सेम टू सेमच होतं.

तू चित्र बरोबर वाचलंस. मीच उलटं लिहिलं. आता त्या फ्लेक्सचं ऐकू नको, माझंही ऐकू नको, लुंबिनीचं ऐक. भाऊंना सांगितलं, ते म्हणाले संस्थेला विचारून पुढच्या महिन्यात बदलू. पुढच्या महिन्यात! मी रविवारी येतो आणि फाडून टाकतो.

सरजाबाईलाही सांग. लोभाचं मागायला तोंड नाही.
आनंदराज


शिरूर अनंतपाळ
२० नोव्हेंबर २०२४

चि. आनंदराज यास,
अ. आ.

तू रविवारी आलास आणि तुझं पत्र सोमवारी आलं. मला मलप्पाकडून कळलं की माझा भाचा खांबावर चढून फ्लेक्स टराटरा फाडून राहिला. मी चहाला आधण ठेवलं. तू आला नाहीस. दारावरून गेलास का?

आता इथं काय झालं ते ऐक. लोक म्हणतात, बघा, फोटोत खरं होतं म्हणूनच औषधवाल्यांनी पोरगं पाठवून फाडून नेला. कालपर्यंत ज्यांना शंका होती, त्यांनीही सुई टाकली. मी तुझं पत्र सरजाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, महामाया, भाच्याला वाचवायला तू लिहून घेतलंस. उर्दू उलटी असती हे तिला पटतच न्हाई. म्हणते, सगळं जग एकीकडून वाचतं.

सोमवारपासून सुई सुरू केली. पण करंगळी काळी पडली आहे आणि ताप उतरत नाही. लुंबिनीनं रजा टाकली, उद्या लातूरला नेते. भिऊ नको असं लिहिणार होते, पण मलाच भीती वाटून राहिली, म्हणून नाही लिहीत. लिहायला कंटाळू नको.
महामाया


नांदेड
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आत्या,
जयभीम.

दारापर्यंत आलो होतो. लुंबिनी ओट्यावर उभी होती. माझ्या हातात फ्लेक्सचा तुकडा, तोही नेमका काळ्या पायाचा. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी वळलो. पळालोच म्हण.

मी कुणाच्या नाकावर मारू, सांग. काल लातूरच्या गाडीत बसलो आणि गाडी सुटायच्या आत उतरलो. दवाखान्यात येऊन तुला काय म्हणू? बोट राहिलं का, एवढंच कळव. नाही, आधी तू बरी आहेस का ते कळव. कुठलं आधी विचारायचं तेही मला उमजून राहिलं नाही.

जमलं तर माया ठेव.
आनंदराज


शिरूर अनंतपाळ
९ डिसेंबर २०२४

चि. आनंदराज यास,
महामायाचे अ. आ. व जयभीम.

मी बरी आहे. करंगळी गेली. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं. लुंबिनी दहा दिवस तिथं जमिनीवर झोपली. तुझं पत्र मी तिला दिलं. तिनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि एवढंच म्हणाली की वळायला नको होतं. चिडून म्हणाली का कसं, ते मला विचारू नको. मीच चार दिवस त्याचा विचार करून राहिले.

घरी आले तर बाया रांग लावून बघायला आल्या. सरजाबाई सगळ्यांत पुढं. म्हणाली, घे, सुई घेतली आणि बोट गेलं, चित्रात होतं तेच झालं की. मी पट्टी सोडली. पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, सहा वर्षं सुई घेतली तेव्हा दहा बोटं होती, दहा दिवस सोडली आणि नऊ राहिली. आता डावीकडून मोज नाहीतर उजवीकडून मोज. ती लई वेळ बघत बसली. मग उठून गेली. दुसऱ्या सकाळी लुंबिनीच्या दारात उभी होती, दंड उघडा करून. सुई पोटात घ्यायची असते हेही विसरली होती बिचारी. बाकीच्यांतल्या चौघी आल्या, तिघी अजून नाही म्हणतात. त्यांना रोज बोलावते, रोज पट्टी सोडते. गुरुबसप्पा मास्तर येऊन गेले, मलप्पा येऊन गेला.

रागाव म्हणालास ना? रागावले आहे. पण तो राग पत्रात मावत नाही. सगळ्या गावानं माझा पाय बघितला, आनंदराज. तू तेवढा राहिलास.

येताना चप्पल आण, पुढून रुंद.
तुझी,
महामाया आत्या