विहीणबाईंच्या गोधडीवर उतारा

२ फेब्रुवारी, रविवार
उत्तनहून विहीणबाई आल्या होत्या. जिजाबाई. सूनबाईंची, म्हणजे भूमिकाची आई. नातीसाठी गोधडी आणली. जुनी लुगडी, मळखाऊ रंग. मी आणलेल्या गादीवर (कार्टूनवाली, वॉशेबल) निशी तीन आठवडे रडतेय. गोधडीवर ठेवली, दोन मिनिटांत गाढ झोप. सगळे गोधडीचे फोटो काढत बसले.

मी एवढंच म्हणालो की प्रिंट्सची निवड जरा चुकलीय. एकतीस वर्षं कापडाच्या शोरूममध्ये सेल्समन होतो, तेवढा अधिकार आहे मला. तर म्हणतात, "कापड इकनं येगलं न शिवनं येगलं, दादा." सगळे हसले. सगळ्यात जास्त सुगंधा. माझी बायको.

सूड घेणार.

३ फेब्रुवारी
प्लॅन तयार. २ मार्चला निशीचं उष्टावण. पन्नास माणसं येतील. त्यांच्यासमोर माझी गोधडी उलगडायची. सगळं डेकोरेटिव्ह कापड: कलमकारी, अजरक, बांधणी. मग विहीणबाईंना शांतपणे विचारायचं, "बघा बरं, शिवण जमलीय का?" बस. पुढे बोलायचं नाही. नुसतं तोंड बघायचं.

५ फेब्रुवारी
नया नगरला जाऊन कापड आणलं. दुकानदार म्हणाला, "चाचा, लालवाला पहले धो लेना, रंग छोडेगा." मला सांगतोय. ऐकवलं, "भाई, हम इसी लाइन में बूढे हुए हैं." गप्प झाला. एक गप्प झाला, आता दुसरी.

९ फेब्रुवारी, दुपारी ४
साठ चौकोन कापले. एकही दुसऱ्यासारखा नाही. कात्री बोथट आहे. सुगंधा म्हणाली, आधी पुठ्ठ्याचं माप करून घ्या, जिजाताई तसंच करतात. नाव मुद्दाम घेतलं. आता पुठ्ठ्याला हात लावणार नाही.

१४ फेब्रुवारी
धावदोरा सुरू. सुई चार वेळा बोटात. नीलेश म्हणाला, "बाबा, टेलरकडून मशीनवर मारून आणू?" स्वतःचा मुलगा, पण लढाई कळत नाही त्याला. हातानेच हरवायचंय.

१८ फेब्रुवारी
गोधडीला मधोमध पोट आलंय. चालेल. बाळाला वेगळी उशी लागणार नाही. विहीणबाईंना हे सुचलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी
सकाळी सुगंधाने पलंगावरची चादर ओढली तर गोधडी सोबत आली. दोन्ही एकत्र शिवली गेलीत, अर्ध्यापर्यंत. उसवायला वेळ नाही. चादर कडेने कापली. एक थर वाढला. त्यांच्यापेक्षा जाड. पॉइंट मला. सुगंधा बोलत नाहीये.

२७ फेब्रुवारी
भूमिकाचं ऑफिस सुरू होतंय. म्हणते, निशीला आठवडाभर उत्तनला ठेवू, आईकडे शांत झोपते. शनिवारी आणायची, सोमवारी पोचवायची. मी दिवसभर घरात असतो. मला कुणी विचारलंही नाही.
आता जिंकलंच पाहिजे.
वाक्य आरशासमोर सात वेळा म्हटलं. "बघा बरं" नंतर थोडं थांबायचं.

२ मार्च, रात्री
गोधडी उलगडली. शेजारच्या हंसाबेननी विचारलं, "नाथाभाई, सोफा माटे छे?" सोफ्यासाठी म्हणे. दुर्लक्ष केलं. निशीला वर ठेवलं. हसली. खरंच हसली, माझ्याकडे बघून. विहीणबाईंकडे वळलो. "बघा बरं" म्हणून थांबलो.

तेवढ्यात निशीने शू केली. भूमिकाने तिला उचललं तर पाठ लालभडक. भूमिका रडायला लागली. नीलेश गाडीची चावी शोधत सुटला. मला खुर्ची धरावी लागली. विहीणबाईंनी पदराचं टोक ओलं करून पाठीवरून फिरवलं. "रंग हाय. बाली बरी हाय." मग खोबरेल लावून पुसून काढलं.

माझ्याकडे बघितलं नाही. हसल्याही नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

३ मार्च
गोधडी तीनदा धुतली. पाणी अजून लाल. दुकानदाराने आणखी ठासून सांगायला हवं होतं.

९ मार्च, रविवार
विहीणबाई आल्या. भूमिकाला म्हणाल्या, "बालीला हितंच र्‍हाऊ दे. आजोबा हाय ना घरान. काल रंगाच्या भ्यानं पोरीपरीस त्यांचंच तोंड पांढरं झालं व्हतं." काल नाही, गेल्या रविवारी. पण दुरुस्ती केली नाही. भूमिका हो म्हणाली. उद्यापासून निशी माझ्याकडे.

मग माझी गोधडी मागितली. मला वाटलं, घरात अंथरायला. तर नाही. त्यांच्या मुलाला, सदूला, मासेमारीच्या बोटीवर बर्फाच्या पेटीवर टाकायला हवीय. जाड आहे, बर्फ टिकेल म्हणाल्या. अगदी मनापासून म्हणाल्या.

कलमकारी. बर्फाच्या पेटीवर.

ठाम नकार देणार होतो. पण निशी माझ्या मांडीवर झोपली होती, त्यांच्या गोधडीत, आणि आवाज चढवता येईना. मानेनेच हो म्हटलं.

जाताना पापलेटं ठेवून गेल्या. त्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं.

दोन खाल्ली.