बाबांचा पट्टा

रविवार, संध्याकाळ

वाघोलीला दादाकडे जाऊन आले. टीव्हीवर रेसलिंग लागलं होतं. जो येतो त्याच्या खांद्यावर चॅम्पियनचा पट्टा! "अरे, मग हरलंय कोण?" मी विचारलं. दादा म्हणाला, "आता पट्टे फार झालेत गं. मलाही लक्षात राहत नाहीत."

लहानपणी खडकीच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे एकच होता. बाबांचा ड्युटीवरचा चामडी पट्टा, त्यावर चिकटवलेलं डब्याचं झाकण. त्याच्यासाठी गादीवर काय मारामाऱ्या! मी खरंच जिंकायचे, की दादा मुद्दाम पडायचा? आजही विचारायचं राहिलं. आणि कुणीही जिंको, सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत झाकण काढून पट्टा बाबांना परत. एकच होता, म्हणून तर एवढा हवासा वाटायचा. दुसरं काय?

मी निघाले तेव्हा बाबा खोलीतून बाहेर आले. कमरेला तोच पट्टा. आता इतके वाळलेत की दादाने त्याला नवी भोकं पाडलीत. टीव्हीकडे बघून म्हणाले, "आज मागू नका रे. पँट पडेल माझी."

आम्ही दोघं खूप हसलो. हसता हसताच दादा उठला आणि त्याने पट्टा शेवटच्या भोकात अडकवून दिला.

तरी सैलच राहिला.