आमच्या सुधारित पिंजणयंत्राची हकीकत

नानछ्याओ,
मोहरीला अजून फूल आलेलं नाही

तीर्थस्वरूप मामांस,

भाचा आ-शुन याचा वाकून नमस्कार. (यंत्राच्या पट्ट्याखालून जाताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, तेव्हा हा नमस्कार नुसता कागदावरचा समजू नये.) तिकडे च्यांगशीत थंडी कशी आहे? रजया पिंजून घ्यायला लोक बोलावतात ना? जेवण वेळेवर होतं का? आणि तुमची प्रकृती कशी आहे? हा शेवटचा प्रश्न मी रीत म्हणून विचारलेला नाही. त्याचं उत्तर उलट टपाली यावं, आणि तुमच्या स्वतःच्या अक्षरात यावं. का, ते पुढे येईलच. इकडे आई बरी आहे, आजोबा बरे आहेत, डुक्कर तर फारच बरं आहे. बहिणीचं, म्हणजे लीश्याचं, लग्न तेवढं अजून झालेलं नाही. मुहूर्त ठरला होता, वऱ्हाडाची नावही आली होती, पण झालं नाही. यात यंत्राचा दोष नाही हे तुम्हाला पटावं म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

तुम्ही पिंजण खांद्याला लावून नावेत चढलात तेव्हा घाटावर सगळ्यांसमोर म्हणालात, "हा खडखड्या या घरात आहे तोवर मी या घाटाला पाय लावणार नाही!" मी ते मनावर घेतलेलं नाही. त्या वेळचं यंत्र कच्चं होतं हे मीही मान्य करतो. शिवणकारखान्यातल्या चिंध्या घातल्या की कापूस निघायचा, पण चिंध्यांना राहिलेली बटणंही निघायची, आणि ती कुठल्या बाजूने निघतील हे सांगता येत नसे. आपला कोंबडा त्यानंतर आरवायचा बंद झाला तो झालाच. पण मामा, तुम्ही पिंजणाची तात छेडून दिवसभरात एक रजई पिंजता, आणि रात्री हात वर उचलत नाही तुमचा. बाबा गेले त्या वर्षी आमचं घर तुमच्याच त्या हातावर चाललं. मला ते बघवत नव्हतं म्हणून मी यंत्राच्या नादी लागलो. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही मला पिंजायची लाकडी मोगरी फेकून मारलीत आणि मग बोलणं राहून गेलं.

असो. सुधारणा अशी. कापूस फाडणारा दातेरी पिंप आधीचाच, त्याला चालवणारं हात-ट्रॅक्टरचं इंजिनही आधीचंच. पण पिंजलेल्या कापसात सरकीची टरफलं, काडीकचरा आणि माती राहायची. एके दिवशी आई भात वारवत होती. पंख्याच्या वाऱ्याने फोल लांब उडत होतं आणि दाणा खाली पडत होता. मी म्हटलं, अरे, कापसाचंही हेच! हलका तंतू उडेल, जड घाण खाली पडेल. भात वारवायचा पंखाच उचलून पिंपाला जोडला. (आईने आठवडाभर भात सुपाने पाखडला, पण विज्ञानाला थोडी कळ सोसावीच लागते.) आता प्रश्न राहिला तो उडालेला कापूस झेलायचा कशात. पेटी हवी लांब, गुळगुळीत, सांध्यातून हवासुद्धा जाणार नाही अशी घट्ट. अशी पेटी आपल्या घरात एकच आहे. तुम्ही ओळखलंच असेल.

आजोबा ती पेटी साठीपासून स्वतःसाठी जपतात, दरवर्षी लाखेचा एक हात देतात, आणि पाहुणा आला की पाणी विचारायच्या आधी पेटी दाखवतात, हे खरं. पण ती अजून रिकामीच आहे ना? मी त्यांना रीतसर विचारलं आणि ते हो म्हणाले. (मी काय विचारलं ते त्यांना ऐकू आलं होतं, असा माझा दावा नाही.) शवपेटी ओसरीखाली अंगणात यंत्राच्या तोंडाशी लावली, झाकण काढलं, इंजिन चालू केलं. मामा, असा कापूस तुम्ही जन्मात पाहिला नसेल. त्यावर फुंकर घातली की तो हलायचा, एवढा मऊ. त्या क्षणी तुम्ही हवे होतात असं फार वाटलं.

आता लग्नाकडे येतो. नवरीबरोबर आठ रजया पाठवायच्या, आणि तुम्ही नाही म्हटल्यावर त्या करायच्या कुणी? आपल्याकडचा प्रत्येक पिंजारी थंडी पडली की परमुलखात. लीश्या म्हणत होती, मामा आल्याशिवाय रजया नकोत. मी म्हटलं, लग्नाच्या दिवशी सकाळी तास-दोन तासांत आठही करून देतो, तू बघ फक्त. दुसरी अडचण मानाच्या खुर्चीची. नवरीचा मामा वरच्या खुर्चीत बसल्याखेरीज कुणी जेवणाच्या काड्यांना हात लावत नाही, आणि तुमची खुर्ची रिकामी. ती रिकामी बरी दिसेना. म्हणून मी तुमचा चौकटीतला मोठा फोटो काढला, पुसला आणि मानाने खुर्चीत ठेवला. समोर भाताच्या दारूचा पेला. दोन्ही बाजूंना मेणबत्त्या. लाल मेणबत्त्या संपल्या होत्या म्हणून पांढऱ्या लावल्या. माझा हेतू किती चांगला होता हे इथे लक्षात घ्यावं.

त्या सकाळी इंजिन चालू करून मी कापूस घालायला लागलो. तेवढ्यात आजोबा उठले आणि रोजच्यासारखे पेटी बघायला आले. आत मऊ मऊ बिछाना तयार होताना त्यांनी पाहिला. आपल्याला आजच झोपवायचा घरच्यांचा बेत आहे अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी झाकण लावलं आणि ते वर बसले. मी यंत्राच्या दुसऱ्या अंगाला होतो, मला काय कळणार? कापसाला पेटीत जायला वाव राहिला नाही, तेव्हा तो मिळेल तिकडे गेला. लाल कंदील पांढरे झाले. दारावरची लाल कागदाची शुभचिन्हं पांढरी झाली. दवाने ओल्या झालेल्या मंडपाला तर तो असा चिकटला की खास आणून लावलाय असं वाटावं. आई पांढरी, पाहुणे पांढरे, मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. आणि तुमच्या चौकटीभोवती कापसाचं असं गोल कडं बसलं की हार घालणाऱ्यालाही इतकं जमलं नसतं.

आता मला सांगा, अंगणात शवपेटी, घर पांढरं, माणसं पांढरी, मेणबत्त्या पांढऱ्या आणि मधे तुमचा फोटो. सर्वात आधी वाजंत्रीवाले आले. ती बिचारी साधी माणसं, लग्नालाही तेच आणि मयतालाही तेच. दारात थबकले, एकमेकांकडे पाहिलं, म्होरक्याने मान डोलावली आणि त्यांनी सूर बदलला. तो सूर ऐकून पुलापलीकडच्या आत्याबाई धावल्या. (आपल्या चारी गावांत त्यांच्याशिवाय मयत हलत नाही हे तुम्ही जाणताच.) त्यांनी फोटो पाहिला आणि अंगणातच बसकण मारली.

"अगं बाई गं! आमचा पिंजारी गेला गं! परमुलखात गेला, उपाशी गेला, भाच्याच्या जाचानं गेला गं!"

हे शेवटचं मला फार लागलं. मी ओरडून सांगत होतो, मामा जिवंत आहेत, तो नुसता फोटो आहे! पण इंजिनच्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? त्यात बारीक कापूस डोळ्यांत जाऊन माझ्या डोळ्यांना धारा लागलेल्या. लोकांना दिसलं ते एवढंच की आ-शुन तोंड वासून रडतोय. आई एकेकाचा हात धरून सांगत होती, "अहो, माझा भाऊ धडधाकट आहे!" तर बायका तिलाच कुशीत घेऊन म्हणायला लागल्या, "धक्का बसलाय हो बिचारीला, बोलू द्या तिला." बघता बघता शेजारून टोफू आला. मयताच्या जेवणाला लागतो म्हणून भरपूर आणला होता. तोही पांढराच.

मी कसाबसा इंजिनापर्यंत पोचून ते बंद केलं. अंगण एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत आजोबांनी पहिल्यांदाच विचारलं, "कोण गेलं?" आत्याबाई त्यांच्या कानात ओरडल्या, "सुनेचा भाऊ! पिंजारी!" आजोबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुडाखालच्या पेटीकडे पाहिलं.

"मग तो माझ्या पेटीत कसा?"

आजोबाच पुढे म्हणाले, "इतकी वर्षं लाख मी लावली, आणि निजणार तो होय?" असं म्हणून त्यांनी झाकण सरकवलं, आत तुम्ही नाही याची खात्री करून घेतली, आणि दुसरं कुणी घुसू नये म्हणून स्वतःच आत शिरून आडवे झाले. आम्ही किती विनवण्या केल्या! उलट आतून समाधानाचा आवाज आला. कापूस फार मऊ होता, मामा. त्यांना डोळाच लागला.

याच वेळी वराची नाव घाटाला लागत होती. लाल कापड बांधलेली, फटाके तयार, नवरामुलगा वनत्साई पुढे उभा, त्याची आई मधे छत्री धरून. वाजंत्रीवाल्यांना वाटलं, आता तरी लग्नाचं वाजवावं. त्यांनी एकदम जोराने सुरुवात केली. त्या आवाजाने आजोबा दचकून जागे झाले आणि पेटीत ताठ उठून बसले, भुवयांपासून दाढीपर्यंत कापसाने माखलेले. नाव वळवायला नावाड्याला एवढा थोडा वेळ लागलेला मी कधी पाहिला नाही. वनत्साई काठावर उडी मारायला निघाला होता, पण त्याच्या आईने त्याला कमरेला धरून ठेवला. लीश्या नव्या बुटांनी घाटापर्यंत धावली आणि तिथेच उभी राहिली. परत आली तेव्हा तिचं तोंड बघून मी दातेरी पिंपामागे जाऊन उभा राहिलो.

तर यात यंत्राचा दोष कुठे आहे, तुम्हीच सांगा. कापूस उत्तम पिंजला गेला. फक्त झाकण लागलं. पुढच्या यंत्राला झाकण नसलेली पेटी घ्यावी असा माझा विचार आहे. तुमचा अनुभव मोठा, म्हणून तुमचं मत जरूर कळवावं. बाकी सर्व क्षेम. स्वतःला जपावं. या वेळी हे मी अगदी मनापासून लिहितो आहे.

तुमचा भाचा,
आ-शुन

ता. क. वनत्साईची आई लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थ काकूंकडून सारखी निरोप पाठवते. मुलगी पसंत आहे, मुलगा तर जेवत नाही, पण जिचा मामा नुकताच वारला ती मुलगी सुतकाचे दिवस संपल्याशिवाय घरात आणणार नाही. आम्ही तुम्ही जिवंत असल्याचं सांगितलं. ती म्हणते, "सगळेच असं म्हणतात. दाखवा." मोहरी फुलायच्या आत दुसरा मुहूर्त आहे. तो गेला तर लग्न पुढल्या वर्षावर जातं, आणि काकूंच्या चेहऱ्यावरून मला वाटतं की विहीणबाई दुसरी मुलगीही बघत आहेत. तेव्हा मामा, या. रजया तुमच्या हातच्याच हव्यात असं लीश्याचं म्हणणं आहे, आणि आता माझंही आहे.

ता. क. दुसरा. यंत्र मोडून टाकलं आहे.

ता. क. तिसरा. यंत्र मोडलेलं नाही. तुम्ही यावं म्हणून तसं लिहिलं. पत्र नव्याने लिहिलं असतं, पण नवीन कागद आणायला पोस्टाजवळ जावं लागतं, आणि तिथे लोक अजून माझं सांत्वन करतात. यंत्र मात्र बंद आहे, आणि तुम्ही घरात असेपर्यंत बंद राहील.

ता. क. चौथा. तो फोटो मीच खुर्चीत ठेवला होता, तुम्ही जिवंत आहात हे मला सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. तरी आत्याबाई रडायला लागल्या, लीश्या फोटो छातीशी धरून बसली, तेव्हा मलाही खरंच रडू आलं. डोळ्यांत कापूस गेला होता असं वर लिहिलं आहे ते अर्धंच खरं आहे. तुम्ही नाही, तर घर घर वाटत नाही.

ता. क. शेवटचा. याल तर दिवसाउजेडी या. तिन्हीसांजेला नावेतून उतरलात आणि आत्याबाईंनी तुम्हाला पाहिलं तर त्या जागीच जातील, आणि मग गावात खरंच सुतक लागून लग्न पुन्हा पुढे जाईल. तेव्हा नदीच्या वळणावरूनच मला नेहमीच्या शिव्या मोठ्याने द्यायला लागा. भूत काही एवढं मनापासून रागवत नाही, लोकांची लगेच खात्री पटेल. मी घाटावर उभा असेन. एकही शिवी चुकवणार नाही.